माळ्यावरचा संगणक

दिवाळीपूर्वी पेढीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून जुन्या चोपड्या, तराजूची पारडी आणि क्वचित पिवळटलेला एखादा संगणकही खाली येतो. हिंगोली किंवा वसमतच्या हळदबाजारातील एखाद्या आडत पेढीत असे यंत्र निघाले, तर ते भंगारात देण्यापूर्वी झाकण उघडून आत काय आहे हे पाहावे.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीत पडद्याची सोय मूळ पाटावर नव्हती. पाच खाचांपैकी एकीत कार्ड बसविल्यावरच चित्र उमटे. १९८३ च्या एक्सटीत या खाचा आठ झाल्या. एकरंगी कार्ड केवळ अक्षरे दाखवी. सीजीए नावाचे रंगीत कार्ड अक्षरांना सोळा रंग देई, चित्रात मात्र एका वेळी चारच. आज मुलांना याचे हसू येईल. हिरव्या अक्षरांना सरावलेल्या डोळ्यांना तेवढेही अप्रूप होते.

येथेच खरा धोका आहे. दोन्ही कार्डांची जोडणी नऊ पिनांची आणि अगदी सारखी दिसणारी. परंतु एकरंगी पडद्याला सेकंदाला सुमारे अठरा हजार ओळी लागतात, तर रंगीत कार्ड पावणेसोळा हजारांच्या आसपास पाठविते. एकरंगी पडदा रंगीत कार्डाला जोडला तर पिना बिनतक्रार बसतात, पण पडदा जळू शकतो. म्हणून कार्ड व पडदा जोडीनेच बदलावेत आणि मदरबोर्डवरील बारीक स्विचही त्याप्रमाणे फिरवावेत. कार्ड बसविताना विजेची वायर काढलेली असावी, कार्ड दोन्ही टोकांवर सारख्या दाबाने बसवावे आणि स्क्रू आवळावा. पडद्याची मागची बाजू मात्र घरी उघडूच नये. वीज काढल्यावरही आत जीवघेणा दाब साठून राहतो.

उरलेल्या खाचांपैकी एखादीत जिस्ट कार्ड सापडले, तर पेढीचे भाग्यच. या तंत्राचा पाया आयआयटी कानपूर येथे घातला गेला आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते बाजारात रुजविले. हे कार्ड बसविले की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरीत नावे लिहिता येत. शेतकऱ्याचे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोंबण्यापेक्षा आडत्याला हे कितीतरी सोयीचे होते.

अशा यंत्रावर लिहिलेली खाती बहुधा इस्की या सांकेतिक पद्धतीत असतात. तिचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली असल्याने ही खाती आजच्या संगणकावर आणणे जाणकाराला अवघड नाही. अडचण फ्लॉपीची असते. मराठवाड्याच्या पावसाळी दमटपणात तिच्या चकतीवर बुरशी धरते आणि तशी फ्लॉपी घातली की वाचणारा भागही खराब होतो. तेव्हा रंगीत पडद्याची हौस मागाहून पुरवावी. आधी प्रत्येक फ्लॉपी उजेडात धरून तपासावी आणि स्वच्छ असतील त्यांची नक्कल करून घ्यावी.