व्हिसा माफ आहे, अर्ज माफ नाही

केळीचा हंगाम चांगला गेला की रावेर, सावदा, फैजपूरकडच्या घरांत हल्ली थायलंड, मलेशिया, श्रीलंकेचे बेत शिजतात. "तिकडं व्हिसाच लागत नाही, पासपोर्ट असला की झालं," हे वाक्य हमखास कानावर येतं. वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं विमानतळाच्या काउंटरवर कळलं तर फार उशीर झालेला असतो, कारण कागद अपुरे असतील तर विमान कंपनीच चढू देत नाही. रावेरहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबईला पोचलेल्या कुटुंबावर ही वेळ येऊ नये.

"व्हिसा नाही म्हणजे काहीच भरायचं नाही"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, म्हणजेच ईटीए. ही निघण्याआधी मागायची असते आणि ती नाकारलीही जाऊ शकते. श्रीलंकेत ही पद्धत 2012 पासून आहे. केनियाने जानेवारी 2024 मध्ये व्हिसा रद्द केला, पण त्याच्या जागी ईटीए आणली. तिला शुल्क आहे, आणि विमानाचं व राहण्याचं बुकिंगही दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आगमन कार्ड. त्यात फक्त माहिती द्यायची असते. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तीस दिवसांची व्हिसामाफी दिली, पुढे तिची मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. तरी पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल कार्ड भरावंच लागतं. थायलंडनेही 1 मे 2025 पासून असं कार्ड सक्तीचं केलं. मांडीवरच्या बाळाचंही वेगळं कार्ड लागतं.

"आपल्याला जमणार नाही, एजंटच बरा"

थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांचं कार्ड फुकट आहे. गूगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं दिसतात आणि त्याच फुकट कार्डाचे पैसे घेतात. ओळखायची खूण पत्त्यात असते: थायलंडचा सरकारी पत्ता 'डॉट गो डॉट टीएच'ने संपतो, मलेशियाचा 'डॉट गव्ह डॉट एमवाय'ने, श्रीलंकेचा 'डॉट गव्ह डॉट एलके'ने. एजंटाने बाकीची कामं करून मेहनताना घेतला तर तो त्याचा हक्क आहे. 'सरकारी फी' म्हणून या कार्डाचे पैसे मागितले, तर मात्र देऊ नका.

फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात आधी एक इंग्रजी अक्षर आणि मग सात आकडे असतात. म्हणून पहिल्या अक्षरानंतर जे गोल दिसतं ते शून्यच, 'ओ' नव्हे. नावाचा घोळ याहून मोठा. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं, स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या. ते जसं छापलंय तसंच उतरवायचं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आलेलं असतं आणि पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा असतो, असं आपल्याकडे घरोघरी आहे. अशा वेळी तिकीट आणि फॉर्म दोन्ही पासपोर्टवरच्या नावानेच हवेत.

"परवानगी मिळाली, आता कोण अडवतंय?"

प्रवेश द्यायचा की नाही हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. केनियाला निघालात तर आणखी एक गोष्ट: पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

"नेपाळला आधार चालतं"

पंधरा ते पासष्ट या वयातल्यांना चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. भूतानलाही हीच दोन चालतात. शिवाय तिथे परवाना आणि माणशी रात्रीला 1,200 रुपये शुल्क आहे.

"अमेरिकेचंही ऑनलाइनच होतं म्हणे"

मुलाकडे जायला निघालेल्या आईवडिलांना हे कुणीतरी सांगतंच. अमेरिकेची ईएसटीए किंवा ब्रिटनची ईटीए ही ज्यांना तिथे व्हिसा माफ आहे त्या देशांच्या नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवर या दोन्ही देशांना व्हिसाच लागतो.

"एकदा आत गेलं की कामही मिळतं"

हा गैरसमज सगळ्यात घातक. व्हिसामाफीवर नोकरी करणं बेकायदा आहे, आणि नेमका याच वाटेने तरुणांना फसवलं जातं. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतहून 549 भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषाने त्यांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं होतं. इराणने भारतीयांना फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली व्हिसामाफी 22 नोव्हेंबर 2025 पासून थांबवली, तीही अशाच फसवणुकीमुळे आणि खंडणीसाठी झालेल्या अपहरणांमुळे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शेरा असतो. तो पर्यटनाला आड येत नाही. नोकरीसाठी मलेशिया, थायलंडसह अठरा देशांत जायचं असेल तर मात्र आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा. आणि "आधी टुरिस्ट म्हणून चला, कागद तिकडे करू" असं तो म्हणाला, तर पोराला घराबाहेर पडू देऊ नका.