मुलाच्या कलाने शिक्षण आणि सोलापूरची बालवाडी

बालकेंद्री शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलाला आणि धडपडीला शिकण्याची मूळ प्रेरणा मानते. कोणते साधन हाती घ्यायचे आणि त्यात किती वेळ रमायचे हे या पद्धतीत मूल ठरवते, तर साधनांची विचारपूर्वक मांडणी आणि मुलाचे बारकाईने निरीक्षण ही शिक्षिकेची जबाबदारी असते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या श्रमिक वस्तीत या विचाराचा प्रयोग आरंभला, १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर उघडले आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करून तो खेड्यापर्यंत नेला. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने त्यांनी वापरात आणली आणि मुले येत नाहीत असे दिसताच वर्गच वस्तीच्या अंगणात भरवला. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी एरवी शाळेला मुकत होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

सोलापूरसारख्या शहरात या अनुभवाचे मोल मोठे आहे. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि यंत्रमाग व विडी उद्योगातील अनेक आईवडिलांचा दिवस कामातच सरतो. अशा घरातील मूल चिंचोके मोजताना ‘ओकटि, रेंडु, मूडु’ म्हणाले, तर त्याला संख्येची जाण आलेलीच असते; आधी ती मान्य करून मग ‘एक, दोन, तीन’ची ओळख करून देणे हेच खरे शिक्षण होय. चादरीच्या सुताचे उरलेले रंगीत तुकडे वेगळे करणे, ज्वारीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतणे, अशा कामांतून वर्गीकरण साधते आणि पुढे पेन्सिल धरण्यासाठी लागणारी बोटांची पकड तयार होते.

या पद्धतीत मूल मोकाट सुटते, हा समज चुकीचा आहे. साधन वापरून जागेवर ठेवणे आणि दुसऱ्याच्या कामात व्यत्यय न आणणे ही शिस्त येथे अनिवार्य असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही खेळातून आणि शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. म्हणूनच बालवाडी निवडताना पालकांनी किती अक्षरे गिरवून घेतली याऐवजी मूल दिवसभर काय हाताळते, काय विचारते आणि त्याचे कोण ऐकून घेते, याची चौकशी करणे अगत्याचे आहे.