पट मांडण्यापूर्वी

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. लेखाची सुरुवात तिच्यापासूनच करतो. कारण तीच चूक आज अनेक घरांत अगदी प्रेमापोटी होताना मी पाहतो.

बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक पत्नी आणि मुलासह दवाखान्यात आले होते. तक्रार विसरण्याची होती. एकच प्रश्न ते तासाभरात तीनदा विचारत, आणि बँकेतून आणलेले पैसे कोठे ठेवले हे त्यांना आठवत नसे. आवश्यक तपासण्या झाल्या, तज्ज्ञांचे मत घेतले. स्मृतिभ्रंशाची ती अगदी सुरुवात होती. औषधे लिहून झाल्यावर मुलाने विचारले, "डॉक्टर, याखेरीज आम्ही काय करू शकतो?" बाहेर बरेच रुग्ण ताटकळत होते. "त्यांना बुद्धिबळ शिकवा, मेंदूला व्यायाम होईल," असे सांगून मी पुढचा केसपेपर हातात घेतला.

दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. मुलाने हौसेने पट आणला होता. रोज रात्री जेवणानंतर नातू आजोबांसमोर बसे. गुरुजी आयुष्यात कधी बुद्धिबळ खेळले नव्हते. घोडा अडीच घरे कसा चालतो, हे त्यांना रोज नव्याने सांगावे लागे. "आजोबा, कालच सांगितलं होतं ना?" असे नातू सहज म्हणून जाई. आज बाबांना किती आठवले, याची चौकशी मुलगा रोज करी. एका रात्री गुरुजींनी सोंगट्या डब्यात भरल्या, डबा कपाटावर ठेवला आणि त्यानंतर संध्याकाळी खोलीबाहेर येणेच बंद केले.

"छत्तीस वर्षं त्यांनी मुलांचे पेपर तपासले, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "आता घरात रोज त्यांचाच पेपर तपासला जातोय."

रक्तदाबाची गोळी लिहिताना मी दहा प्रश्न विचारतो. हा खेळ सुचवताना मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता.

खेळाकडून अपेक्षा कोणती ठेवावी?

बैठे खेळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे हल्ली सर्रास ऐकू येते. या समजाला थोडा आधार आहे, पण त्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. अमेरिकेतील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पुढे २०१३ मध्ये फ्रान्समधील ३६७५ ज्येष्ठांचा, वीस वर्षे चाललेला अभ्यास आला. बैठे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र मुळातील स्मरणशक्ती आणि नैराश्य हे दोन घटक हिशेबात धरल्यावर तो फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. म्हणजे, खेळल्यामुळे मेंदू चांगला राहतो की मेंदू चांगला असलेली माणसे अधिक खेळतात, हा प्रश्न अजून मोकळाच आहे.

त्याउलट, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित अशा १४ बाबी नोंदवल्या, ज्यांवर आपल्याला काही उपाय करता येतो. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, दृष्टी मंदावणे, नैराश्य आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. म्हणून पट विकत आणण्याआधी कानांची व डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे ना हे पाहावे. पटामुळे गोळी किंवा श्रवणयंत्र सुटत नाही.

मग खेळायचे कशासाठी? याचे उत्तर वरच्या यादीतील शेवटच्या शब्दात आहे. पटावरच्या खेळाला समोर माणूस लागतो. दूरचित्रवाणीसमोर चार जण शेजारी बसूनही एकटे असू शकतात. पट मांडला की दुसऱ्याकडे पाहावेच लागते आणि त्याच्या खेळीची वाट पाहावी लागते. घरातल्या वृद्धासाठी अर्धा तास कोणी असे समोर बसणे, हा या छंदाचा सर्वांत खात्रीचा लाभ आहे.

आधी माणूस, मग खेळ

खेळ निवडताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला, त्यांना पूर्वी कोणता खेळ येत होता? लहानपणी हातात बसलेल्या गोष्टी उतारवयातही पुष्कळदा टिकून राहतात. विस्मरण असलेल्या व्यक्तीला सर्वस्वी नव्या खेळापेक्षा जुना खेळ जवळचा वाटतो. ज्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, त्यांनी मात्र मुद्दाम नवा खेळ शिकावा. शिकण्याची गंमत कोणत्याही वयात असते.

दुसरा, समोर कोण बसणार? पती-पत्नी दोघेच असतील तर दोघांचा खेळ हवा. संघात किंवा सोसायटीत चार जण जमत असतील, तर चौघांचा.

तिसरा, डोळे, कान आणि हात कसे आहेत? मोतीबिंदू असल्यास मोठा, ठळक काळ्या-पांढऱ्या घरांचा, चकाकी नसलेला पट घ्यावा. हात थरथरत असल्यास सोंगट्या जड आणि बुडाशी रुंद असाव्यात. लोहचुंबकाचा पटही सोयीचा पडतो. ऐकू कमी येत असेल, तर नियम तोंडी सांगण्यापेक्षा सोंगटी हलवून दाखवावेत. पक्षाघातानंतर काहींचे डाव्या बाजूला लक्षच जात नाही. तेथील सोंगट्या त्यांच्या दृष्टीने जणू नसतातच. त्यांच्यासाठी सुरुवातीला पट किंचित उजवीकडे सरकवावा.

चौथा, डाव किती वेळ चालतो? वीस ते तीस मिनिटांत संपणारा खेळ उत्तम. त्याहून अधिक काळ एका जागी बसल्यास पाय सुजतात, पाठ आखडते. मधुमेहींनी खेळाच्या नादात जेवणाची वा औषधाची वेळ चुकवू नये.

चार खेळ

वाघ-बकरी हा आपल्याकडचा जुना खेळ. गावोगावी त्याचा पट आणि सोंगट्यांची संख्या बदलते. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा प्रकार आहे, तर नेपाळमध्ये 'बाघचाल' या नावाने चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा. नेपाळी पट घरी काढणे सोपे आहे. एका चौरसात पाच आडव्या व पाच उभ्या रेघा काढाव्यात. म्हणजे पंचवीस बिंदू मिळतात. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा काढून चारही बाजूंचे मध्य एकमेकांना जोडावेत. चार कोपऱ्यांत चार वाघ बसतात. बकऱ्या एकेक करून मांडायच्या. सर्व वीस मांडून होईपर्यंत त्यांना हलवता येत नाही. वाघ रेघेवरून एक घर चालतो, किंवा शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. नियम पाच मिनिटांत कळतात. बकऱ्यांनी एकमेकींच्या पाठीशी उभे राहावे, हा डावपेच मात्र हळूहळू उमगतो.

नवकंकरी हा दुसरा. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा आणि प्रत्येकी नऊ खडे एवढेच साहित्य. आळीपाळीने खडे मांडायचे, मग रेघेवरून एकेक घर सरकवायचे. तीन खडे एका रेघेत आले की प्रतिस्पर्ध्याचा एक खडा उचलायचा. ज्याच्याकडे दोनच खडे उरतील तो हरला. महाराष्ट्रातील जुन्या मंदिरांच्या फरशांवर असे पट कोरलेले आढळतात. देवदर्शनाला जाल तेव्हा पायाखाली अवश्य पाहा.

बुद्धिबळाविषयी वेगळे सांगायला नको. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा अनेक घरांतले जुने पट पुन्हा बाहेर निघाले. काही ज्येष्ठ पहिल्या खेळीत प्यादे दोन घरे हलवायला हरकत घेतात, राजाला एकदा घोड्याची चाल देतात. नातवंडांना ती चूक वाटते. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत तसे खेळत असत. आजोबांचे नियम निराळे आहेत, चुकीचे नव्हेत. एक दिवस त्यांच्या नियमांनी खेळून पाहावे.

नव्या खेळांपैकी 'अझूल' हा मला ज्येष्ठांसाठी योग्य वाटतो. रंगीत, जाडसर फरश्या निवडून आपल्या पटावर मांडायच्या. दोन ते चार जण खेळू शकतात. त्यावर वाचण्याचा मजकूर नसल्याने भाषेची अडचण येत नाही. गुणांची मोजणी थोडी किचकट आहे. ती सुरुवातीला नातवंडांकडे सोपवावी.

समोर कोणीच नसेल, तर मोबाईलवर सराव करायला हरकत नाही. मात्र वेळेचे घड्याळ बंद ठेवावे, पैसे लावण्याच्या खेळांकडे वळू नये आणि बँकेचा तपशील कोठेही भरू नये.

शिकावे आणि शिकवावे कसे?

सर्व नियम एका बैठकीत सांगू नयेत. बुद्धिबळ शिकवायचे असेल, तर पहिला आठवडा केवळ प्याद्यांनी खेळावे. ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या टोकाला पोहोचेल तो जिंकला. मग त्यात हत्ती आणावा, नंतर उंट, त्यानंतर वजीर. घोडा सर्वांत शेवटी. नियम मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून पटाशेजारी ठेवावेत, आणि ते दोघांनीही पाहावेत. म्हणजे पाहण्याचा संकोच वाटत नाही.

सकाळी न्याहारीनंतरची वेळ निवडावी. विस्मरणाच्या रुग्णांना पुष्कळदा संध्याकाळी अस्वस्थ वाटते, गोंधळ वाढतो. त्या वेळी पट मांडू नये. उजेड मागून किंवा बाजूने यावा. खेळीसाठी घाई करू नये. मुद्दाम हरू नये. वृद्धांना ते लगेच कळते. त्याऐवजी दोघांनी मिळून एक बाजू घ्यावी किंवा बलवान खेळाडूने सोंगट्या कमी घ्याव्यात.

एक पथ्य मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगतो. खेळताना 'आठवतंय का?' हा प्रश्न विचारायचा नाही. चाल चुकली, तर "इथून अशीही जाते बरं का" एवढे पुरे. आजार वाढल्यावर नियम मोडले तरी चालतील. त्या टप्प्यावर चिंचोके, खडे अशा लहान वस्तू तोंडात जाण्याचा धोका असतो. बाटलीची मोठी झाकणे वापरावीत.

पटावर दिसणारी लक्षणे

नेहमी खेळणाऱ्या व्यक्तीच्या हातून अचानक सोंगटी निसटू लागली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा अर्धा पट दिसेनासा झाला, तर तो पक्षाघात असू शकतो. डाव तेथेच सोडून रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. वर्षानुवर्षे येणारा खेळ काही महिन्यांत येईनासा झाला, आणि त्याबरोबर पैशांचे व्यवहार चुकू लागले किंवा ओळखीचा रस्ता हरवू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो, आणि त्यांवर उपचार आहेत.

आता पुन्हा गुरुजींकडे. त्या दिवशी मी त्यांच्या पत्नीला विचारले, लहानपणी ते काय खेळत? त्या थोड्या थांबून म्हणाल्या, "देवळाच्या पायरीवर वाघ-बकरी खेळायचे म्हणतात. मला नाही येत." मी म्हटले, "मग त्यांनाच शिकवायला सांगा."

पुढच्या भेटीत गुरुजी स्वतः आले. पुठ्ठ्यावर पट त्यांनीच आखला होता. चार कवड्यांचे वाघ, चिंचोक्यांच्या बकऱ्या आणि विद्यार्थी एकच, त्यांची पत्नी. "हिला बकऱ्या राखता येत नाहीत," अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे केली. त्या हसत होत्या.

यामुळे त्यांचा आजार थांबला नाही. गेल्या वर्षभरात तो वाढला आहे. वाघ कोणाचे आणि बकऱ्या कोणाच्या, हे त्यांना आता आठवत नाही. चिंचोक्यांच्या जागी झाकणे आली आहेत, आणि कधी कधी ते वाघालाही बकऱ्यांच्या रांगेत बसवतात. तरीही सकाळी न्याहारी झाली की ते पुठ्ठा शोधतात. बाई समोर येऊन बसतात. मागच्या महिन्यात मी घरी तपासायला गेलो, तेव्हा डाव मांडलेला होता. रक्तदाब घेण्यासाठी मी हात पुढे केला, तर गुरुजी म्हणाले, "थांबा डॉक्टर. तिची खेळी आहे."

मी थांबलो.