घाटाखालचे बंदर आणि भरतीची वाट

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन गेलो की आम्ही त्यांना एका लहानशा कांस्यमूर्तीसमोर थांबवतो. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या गावात समुद्रदेव कसा आला, असे विचारले की मुले पटकन सांगतात, ‘व्यापारामुळे.’ उत्तर बरोबर आहे. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो : ‘जहाज कुठपर्यंत आले असेल?’ बहुतेकांचे बोट नकाशावरच्या किनाऱ्याच्या रेषेवर थांबते. ते थोडे आत, सह्याद्रीच्या दिशेने सरकवायला हवे.

बैलाच्या पाठीवरून माल नेण्यापेक्षा पाण्यावरून नेणे कितीतरी स्वस्त. त्यामुळे कोकणातली अनेक जुनी बंदरे समुद्रकाठी नव्हती. खाडीतून जितके आत जाता येईल तितके आत, घाटाच्या वाटेजवळ ती वसली. अर्जुना नदीवरचे राजापूर असेच. तिथून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरच्या मुलखात येता येते. तिथे १६४९ साली इंग्रजांनी वखार घातली ती काही देखाव्यासाठी नव्हे. बावड्याच्या घाटवाटेखाली खारेपाटण आहे. विजयदुर्गच्या मुखापासून खाडीने सुमारे ४० किलोमीटर आत. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८चा आहे. परदेशातून येणाऱ्या जहाजांवर सोन्याच्या नाण्यात घ्यायच्या कराचा त्यात उल्लेख आहे.

इंजिन नसताना गलबत नदीतून ४० किलोमीटर वर कसे जाणार? खाडी वळणावळणाची, दोन्ही बाजूंना डोंगर, वारा कधी अडलेला तर कधी उलटा. याचे उत्तर भरतीत आहे. चला, मनातल्या मनात एक शिडाचे गलबत घेऊन आपण विजयदुर्गला येऊ. महिना फेब्रुवारी.

पहिला प्रश्न, कुठल्या तिथीला आत शिरायचे? कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. जागेनुसार तासभर इकडेतिकडे होते, पण हिशेब चालतो, कारण चंद्रामुळे भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाण्याची पातळी दोन-अडीच मीटरने वरखाली होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचे पाणी थोडे.

मग पौर्णिमेलाच शिरावे, असे कोणीही म्हणेल. पण त्या दिवशी भरती पूर्ण होते दुपारच्या सुमारास, म्हणजे पाणी चढते ते सकाळी. आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, आपल्या तोंडावर! अष्टमीला दुपारभर पाणी चढते, समुद्राकडून येणारा खारा वाराही पाठीशी असतो, पण पाणी उथळ. वरच्या टप्प्यात गलबत चिखलात रुतायचे. आता चतुर्थी पाहा. उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते, त्यामुळे चतुर्थीला पाणी अजून बरे असते. भरती सकाळी नऊला सुरू होऊन तीनला पूर्ण होते, आणि अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा धरतो. पाणी आणि वारा दोन्ही एकाच दिशेला! पंचांगातली तिथी आणि वाऱ्याची वेळ यांची अशी सांगड घालणारा तांडेल भौतिकशास्त्राचेच गणित सोडवत होता, असे आम्हाला वाटते.

यात आणखी एक सवलत मिळते. भरती ही एक लांबलचक लाट आहे. उथळ पाण्यात अशा लाटेचा वेग खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. खाडीची सरासरी खोली ४ मीटर धरली तर वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, म्हणजे ताशी २२-२३ किलोमीटर. मुखाशी तीन वाजता पूर्ण झालेली भरती ४० किलोमीटर आत पोहोचायला जवळजवळ दोन तास लागतील. म्हणजे मुखाशी ओहोटी लागली तरी पुढे गेलेल्या गलबताखाली पाणी चढतच असते. गलबताची स्वतःची चाल ताशी ५ आणि प्रवाहाची २ किलोमीटर धरून हिशेब करा : अकराला निघालेले गलबत पाचच्या आगेमागे धक्क्याला लागेल. परतीचेही तसेच. रात्रीची भरती वरच्या टोकाला पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण होते, पाणी उतरू लागते आणि मतलई वारा असतोच.

वरच्या टोकाला पाणी गोडे होत जाते. लाकडी गलबताला हे फार मानवते, कारण लाकूड पोखरणारे खाऱ्या पाण्यातले जीव गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. पण तोटाही आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, गोड्या पाण्याची १. समुद्रात २ मीटर बुडणारी सरळ भिंतींची नौका गोड्या पाण्यात आणखी सुमारे ५ सेंटिमीटर बुडते. मोठ्या जहाजांच्या कुशीवर भाराच्या मर्यादेच्या रेघा असतात, त्यांत सर्वांत वरची ‘टी एफ’, म्हणजे ट्रॉपिकल फ्रेश. उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्यासाठी ही स्वतंत्र रेघ! परीक्षानळीत थोडे छर्रे घालून ती आधी मिठाच्या आणि मग साध्या पाण्यात तरंगवली की वर्गात हा फरक दिसतो.

मग ही बंदरे गेली कुठे? आगगाडी आणि मोटाररस्ते आले, हे कारण आहेच. पण त्याआधीच गाळ भरू लागला होता. एकोणिसाव्या शतकात मोठी गलबते राजापूरच्या धक्क्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती. गाळ धक्क्यापाशीच का साचावा? दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या, एकात मीठ टाका. मिठाच्या पेल्यातली माती लवकर खाली बसते. मातीच्या सूक्ष्म कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ हे दूर सारणे दुबळे करते, कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन बसतात. सह्याद्रीवरून पावसाने धुऊन आलेली माती नेमकी तिथे खाऱ्या पाण्याला भेटते जिथे भरतीचा जोर संपत येतो आणि प्रवाह मंदावतो. आणि गलबताने घाटाच्या जास्तीत जास्त जवळ यायचे तर तेही तिथेच येऊन थांबते. ज्या कारणाने तिथे बंदर झाले, त्याच कारणाने ते बुजले. उतारावरचे रान तुटले की माती वाढते. खाडीकाठी बांध घालून खाजण जमीन अडवली की भरतीला आत शिरणारे पाणी घटते, मग ओहोटीला गाळ ढकलणारे पाणीही घटते. शेतीसाठी घातलेल्या बांधाला आम्ही दोष देत नाही. पण त्याचा हिशेब खाडीच्या खोलीत चुकता होतो.

आजच्या सफरी शिडाच्या बोटींना हे अधिक जाचते. त्यांच्या तळाला खोल जड पाते असते, वाऱ्याने बोट कलंडू नये म्हणून. जुना पडाव ओहोटीला चिखलावर निवांत बसायचा, ही बोट आडवी होईल. तरी नदी अशा बोटींना परकी नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ बोट गोव्यात दिवाड बेटावर, मांडवी नदीत बांधली गेली. मांडवीच्या मुखाशी आग्वादला पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात. विजयदुर्ग त्या बाबतीत भाग्यवान, त्याच्या मुखाशी असा उंचवटा नाही.

गगनबावड्याहून घाट उतरून सहल खारेपाटणला नेता आली तर एक वेळूची काठी आणि दोन बाटल्या जरूर न्या. काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती पाण्यात रोवा, दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. एक बाटली भरतीला आणि एक ओहोटीला भरून आणा. शाळेच्या तराजूवर सारख्या आकारमानाचे पाणी तोलून पाहा. पूर्ण भरतीची वेळ विजयदुर्गच्या मुखाशी त्याच दिवशी झालेल्या पूर्ण भरतीच्या वेळेपेक्षा किती उशिरा आली, त्यावरून खाडीची सरासरी खोली साधारण काढता येते. आमच्या चार मीटरशी ती ताडून पाहा.