कबरस्तानाचा नकार



फेब्रुवारी २०१५ मध्ये आमच्या बॉथेलच्या हिंदू मंदिराच्या भिंतीवर कुणीतरी नाझींचं चिन्ह काढलं आणि ‘चालते व्हा’ असं लिहिलं. जवळच्या स्कायव्ह्यू शाळेच्या भिंतीवरही तेच, पण तिथं मुसलमानांचं नाव घेऊन. ज्या चिन्हाखाली साठ लाख यहुदी मारले गेले, ते आता हिंदूंच्या देवळावर!

अशा वेळी मुसलमान शेजारी आपल्यासाठी उभे राहतील का, असं आपली मुलं विचारतात. त्यांच्यासाठी मुंबईची एक हकीगत सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. १६६ माणसं गेली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार यहुदी मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची आया सँड्रा सॅम्युएल हिनं उचलून बाहेर काढलं. सी.एस.टी. स्टेशनात गोळ्यांना बळी पडलेल्यांत मुसलमान प्रवासीही होते.

नऊ हल्लेखोरांची प्रेतं जे.जे. हॉस्पिटलच्या शवागारात पडून होती. मरीन लाइन्सचं बडा कबरस्तान जामा मशीद ट्रस्टकडे आहे. ट्रस्टनं साफ सांगितलं, आमच्याकडे यांना जागा नाही. निरपराधांना मारणारे मुसलमान नव्हेत. त्या डिसेंबरात बकरी ईदला पुष्कळांनी दंडाला काळ्या फिती लावल्या.

आम्ही नर्सची नोकरी केली, किती तरी मयतांची व्यवस्था आमच्या हातून झाली. म्हणून सांगतो, दफन नाकारणं ही साधी गोष्ट नव्हे. मुसलमानांत मयताला आंघोळ घालून, पांढऱ्या कफनात गुंडाळून, होईल तितक्या लवकर मूठमाती देतात. आपल्यातही तेच. तोरात तर देहदंड दिलेल्यालाही त्याच दिवशी पुरायला सांगितलंय. मग हा नकार योग्य होता का? आमच्या मनात अजून दोन्ही बाजू उभ्या राहतात. ती प्रेतं वर्षाहून जास्त शवागारात राहिली, आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारनं ती गुपचूप पुरली. म्हणजे माती शेवटी मिळालीच. पण आम्ही मेलेल्यांच्या घरच्यांबरोबर आहोत, हे ट्रस्टनं धर्माच्या नावानं आणि जगासमोर सांगितलं, त्याचं मोल आम्हाला फार वाटतं.

न्यायासाठी उभं राहावं, मग ते स्वतःच्या आईबापाविरुद्ध का असेना, अशी कुराणाची शिकवण आहे. जुन्या मुंबईकरांना असगर अली इंजिनिअर आठवत असतील. बोहरी धर्मगुरूच्या घरी जन्मले, वडिलांकडून अरबी आणि कुराण शिकले, मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. दंगल झाली की तिथं जाऊन खरं काय घडलं ते लिहीत. आपल्याच जमातीच्या धर्मसत्तेलाही त्यांनी जाब विचारला. त्यापायी बहिष्कार सोसला, हल्ले सोसले, पण इस्लाम सोडला नाही. दुबळ्यांची बाजू घेणं हाच धर्म, असं ते मानत. २००४ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०१३ साली ते वारले.

इथं अमेरिकेतही पाहिलं. २७ ऑक्टोबर २०१८ च्या शब्बाथला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना गोळ्या घातल्या. तेव्हा मुसलमान संस्थांनी त्या कुटुंबांसाठी दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली.

इस्राएल आणि पॅलेस्टाईनबद्दल मात्र त्यांच्यातले पुष्कळ जण आपल्याला न रुचणारं बोलतात. त्यांच्या लेखी तेही पीडितांसाठीच बोलणं असतं. आपल्याला पटेल ते घ्यावं, न पटेल तिथं उत्तर द्यावं, पण दार लावून घेऊ नये.

बाळांनो, तुम्हाला ठाऊक आहे का, आपले वाडवडील सिनेगॉगला मशीदच म्हणत! १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं शआर हारहमीम म्हणजे ‘जुनी मशीद’. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

तर येत्या शब्बाथला जेवताना घरात एवढं बोला: उद्या आपल्यातल्याच कुणी दुसऱ्यावर अन्याय केला, तर आपणही त्या ट्रस्टसारखं सगळ्यांसमोर बोलू का?