आणे गावची आमटी आणि तेलातला मसाला

कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा मागे टाकून पूर्वेला निघालं की घाट चढल्यावर आण्याचं पठार लागतं. कमी पावसाचा, कोरडवाहू, बाजरीचा मुलूख. इथल्या रंगदास स्वामींच्या यात्रेत ऐन थंडीत आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. भाकऱ्या घराघरांत थापल्या जातात आणि आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते. पंचपक्वान्नांचा हा प्रसाद नव्हे. पानात डाळ आणि भाकरी, एवढंच; तरी लांबलांबून आलेली माणसं घरी जाऊन सांगतात ती आमटीचीच गोष्ट. डाळ तर रोज सगळ्यांच्याच घरी शिजते. मग ही चव येते कुठून? मसाल्यातून, हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धंच आहे. तोच मसाला शिजलेल्या डाळीत वरून टाकला तर आमटी तिखट होते, चवदार होत नाही. मसाल्याचं खरं शिजणं तेलात होतं, आणि कोणता जिन्नस कधी पडतो यावर बरंचसं ठरतं.

याचा पुरावा कोणत्याही आमटीच्या किंवा रश्श्याच्या तर्रीत दिसतो. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन ही दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. म्हणून तर तोंड पोळल्यावर तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही, ताक मात्र उपयोगी पडतं. हळदीचा रंगही तेलातच नीट उतरतो. हिंगाचा कच्चा वास नकोसा; गरम तेलात चिमूटभर पडला की तो कांदा-लसणाच्या जवळ जातो. दगडफूल हातात घेतलं तर वाळक्या पाल्यासारखं वाटतं (ते फूल नाहीच, दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी आहे), पण तेलात परतलं की काळ्या मसाल्याला त्याचा ओळखीचा वास येतो. मोहरी तडतडू दिली नाही तर कडवट लागते. कोथिंबिरीचं उलटं: तिचा वास इतका उडून जाणारा की ती शेवटीच पडायला हवी. चिंच-आमसुलांनाही घाई चालत नाही, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. आजीच्या हाताला चव होती असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तिला हा क्रम पाठ होता एवढाच त्याचा अर्थ असतो.

मसाल्याने अन्नाची मूळ चव झाकली जाते, असा एक आक्षेप आहे. वाफवलेल्या ताज्या माशाबद्दल तो मला मान्य आहे. पण तुरीच्या डाळीची स्वतःची चव फार सौम्य, आणि बाजरीला किंचित कडसरपणा. इथे मसाला काढून टाकला तर झाकलेलं काही उघडं पडत नाही, नुसतं पोट भरतं. दुसरा आक्षेप पित्ताचा, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. पण मसाला आणि मिरची यांची आपण गल्लत करतो. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि आलं. ज्याला सोसत नाही त्याने मिरची कमी करावी, धणे-जिरे-खोबऱ्यावर राग काढू नये. उष्ण प्रदेशात अन्न लवकर नासतं म्हणून मसाले आले, हेही वारंवार ऐकू येतं. 1998 साली बिलिंग आणि शर्मन यांच्या अभ्यासाने हे मत बरंच पसरवलं. 2021 साली सत्तर पाककृती-परंपरांमधल्या तेहतीस हजारांहून अधिक पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा तापमानाशी हे नातं टिकलं नाही.

तयार पुडीवर माझा रोष नाही. फक्त दळलेल्या मसाल्याला हवा जास्त लागते आणि वास लवकर उडतो, म्हणून पुडी लहान आणावी, डबा घट्ट लावावा. आणि मसाला पाण्याआधी, मंद आचेवर, तेलात पडावा. करपला तर मात्र तो फेकून पुन्हा फोडणी करावी, कारण करपलेली चव पाण्याने जात नाही. आमटीला उकळी आली की कढईत डोकावून बघा. वर लाल तवंग नसेल, तर तेल तरी कमी पडलंय किंवा मिरची तेलात उतरलीच नाही.