कानांतील मळ आणि त्याचा बंदोबस्त

पावसाळ्यांत वसई-विरारकडे विहिरींत अगर बावखलांत पोहून आलेल्या मुलाचा कान कधीं कधीं अकस्मात् बंद होतो. मुलगा बहिरा झाला, या भीतीनें घरांत कोणी काडी शोधतो, कोणी केसांचा आंकडा. वास्तविक पुष्कळदां आधींच सांचलेला मळ पाण्यानें फुगून त्यानें मार्ग अडविलेला असतो, इतकेंच.

हा मळ म्हणजे घाण नव्हे. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरील भागांतील ग्रंथींचा स्राव व झडलेली त्वचा मिळून मळ बनतो. तो किंचित् आम्ल असल्यानें जंतूंस व बुरशीस आळा घालतो. दमट किनाऱ्यावर हें रक्षण विशेष मोलाचें. शिवाय नळीची त्वचा आंतून बाहेर हळूहळू सरकत असते. म्हणून निरोगी कान आपोआप स्वच्छ होतो. काडीनें अथवा कानकोरण्यानें मात्र मळ आणखी आंत ढकलला जातो, आणि प्रसंगीं पडदाहि फाटतो.

सुश्रुतसंहितेंत या विकारास ‘कर्णगूथ’ म्हटलें असून, मळ तेलानें भिजवून, शेकानें सैल करून, मग वैद्यानें तो शलाकेनें काढावा, असें सांगितलें आहे. आधीं मऊ करणें व मग जाणत्या हातानें काढणें, हें तत्त्व आजहि कायम आहे. कुशीवर निजून ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब कानांत सोडावे व पांच-दहा मिनिटें तसेंच पडून राहावें. असें दिवसांतून दोन-तीन वेळां, तीन ते पांच दिवस करावें. तेल कढवूं नये. आरंभीं कान अधिक जड वाटला, तर घाबरूं नये. पडदा फाटलेला असल्यास, कान वाहत वा दुखत असल्यास, किंवा पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली असल्यास थेंब घालूंच नयेत.

एवढ्यानें न भागल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावें. ते ३७ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यानें कान धुतात, किंवा शोषनळीनें मळ ओढून घेतात. पाणी फार थंड वा ऊन असल्यास भोंवळ येते. म्हणून घरीं पिचकारीचे प्रयोग नकोत. रस्त्यावरील कान कोरणाऱ्याच्या हातीं कान देणें तर सर्वथा वर्ज्य.

वृद्धांच्या बाबतींत, व श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या बाबतींत विशेषतः, मळ वरचेवर सांचतो. आजोबा उत्तर देत नाहींत, म्हणून त्यांस हट्टी ठरविण्यापूर्वीं त्यांचे कान तपासून घ्यावे. मात्र प्रत्येक बहिरेपण मळाचें नसतें. ऐकूं येणें एकाएकीं थांबलें, तर मळ असेल अशा समजुतीनें थेंब घालीत दिवस दवडूं नयेत. त्याच दिवशीं डॉक्टरांस कान दाखवावा. कारण आंतील नसेचा विकार असल्यास उपचाराला झालेला विलंब श्रवणशक्ति कायमची हिरावून घेऊं शकतो.